इफुगाओंचीं भातखाचरें

एखादी वस्तु जुनी आहे असें कळलें कीं आम्हां मंडळींचे हात आपोआप जोडले जातात. देऊळ पांडवकालीन म्हटलें कीं त्याचा कळस कोणत्या शतकांतला, हा प्रश्न अप्रस्तुत ठरतो. घराण्याची वंशावळ लिहावयास घेतली कीं ती चार-सहा पिढ्यांवर न थांबतां एकदम एखाद्या ऋषीपाशीं जाऊन टेकते. हा दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आपल्या आधीं पुष्कळ लोक होऊन गेले, या जाणिवेनें माणसाला धीर येतो. परंतु जुनेपण म्हणजेच थोरपण काय, आणि एखादी वस्तु आपण मानतों तितकी जुनी नाहीं असें उद्यां ठरलें तर तिचें मोल उतरतें काय, हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला तो गेल्या पौषांत, घरापासून फार दूर, फिलिपाइन्स देशांतील एका डोंगरावर.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त मनिला शहरीं राहतो. "काका, काकूंना घेऊन एकदां याच," असा त्याचा आग्रह दोन वर्षें चालला होता. आम्ही उभयतां गेलों. शहर पाहून झालें, समुद्र पाहून झाला. मग त्यानें आम्हांस रात्रीच्या मोटारींत बसविलें आणि उत्तरेकडे सुमारें साडेतीनशें किलोमीटरांवर असलेल्या बानावे गांवीं नेलें.

लुझोन बेटाच्या उत्तरभागीं कॉर्डिलेरा नांवाची पर्वतरांग आहे. तिच्या कुशींत इफुगाओ हा प्रांत असून त्याच नांवाचे लोक तेथें राहतात. त्या देशावर स्पेनचा अंमल तीनशें वर्षांहून अधिक काळ होता; पण या डोंगरांत तो नीटसा कधींच बसला नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानी सेनापति यामाशिता याच डोंगरांच्या आश्रयानें राहिला होता, आणि २ सप्टेंबर १९४५ रोजीं येथील कियांगान गांवीं त्यानें शस्त्र खालीं ठेविलें. प्रदेश किती बिकट असेल याची वाचकांनीं यावरून कल्पना करावी.

अशा या डोंगरांच्या उतारांवर सातशें ते पंधराशें मीटर उंचीपर्यंत भाताचीं खाचरें आहेत. उतार जेथें फार तीव्र आहे तेथें खाचराची रुंदी एखाद्या ओसरीएवढीच, आणि तिला तोलून धरणारा बांध मात्र पुरुषभर, कांहीं जागीं दोन-तीन पुरुष उंच. कोठें तो दगडांचा, कोठें चोपलेल्या मातीचा; चुना किंवा सिमेंट यांचा स्पर्श जुन्या कामास नाहीं. बाताद गांवीं तर सबंध डोंगर आंतून कोरल्यासारखा अर्धवर्तुळाकार झाला आहे. खालीं वाटीच्या तळाशीं घरें, आणि त्यांच्या भोंवतीं खाचरावर खाचर, खाचरावर खाचर, मान दुखेपर्यंत. आम्ही गेलों तेव्हां लावणीपूर्वींची मशागत चालली होती. प्रत्येक खाचरांत पाणी उभें होतें आणि प्रत्येक पाण्यांत आभाळाचा एकेक तुकडा होता.

ज्यांचें बालपण कोंकणांत गेलें त्यांना खाचर म्हणजे काय हें सांगावयास नको. परंतु आपल्या खाचरांत आणि त्यांच्या खाचरांत एक मोठा भेद आहे. आपलें खाचर पावसाचें. मृगाचें पाणी पडलें कीं चिखलणी, मग आवण, आणि दिवाळीच्या सुमारास कापणी. पौषांत तेंच खाचर कोरडें पडून त्यांत वाल डोलत असतात किंवा गुरें हिंडत असतात. इफुगाओंचें खाचर बाराही महिने पाण्यानें भरलेलें असतें. तें वाळूं द्यावयाचें नाहीं, कारण वाळलें कीं माती तडकते, तडीतून पाणी आंत मुरतें, बांधाला पोट येतें, आणि पुढच्या मोठ्या पावसांत तो खालच्या खाचरांवर जाऊन कोसळतो. म्हणजे पीक असो वा नसो, त्या खाचराकडे रोज लक्ष असावें लागतें. दुभत्या गाईप्रमाणें तें सोडून परगांवीं जातां येत नाहीं.

हें पाणी येतें डोंगरमाथ्यावरच्या रानांतून. त्या रानास तेथें 'मुयोंग' म्हणतात. आपल्याकडील देवराई देवाची म्हणून तिला कुऱ्हाड लावीत नाहींत. मुयोंग हें देवाचें नव्हे, तें त्या त्या कुटुंबाचें असतें, आणि त्याची राखण तें कुटुंबच करतें. सरपण, घराचे वासे, कोरीव कामाचें लांकूड, सर्व तेथूनच. पण रान बोडकें केलें तर खालचे झरे आटतील हें शेंबडें पोरही जाणतें. झऱ्यांचें पाणी पाटानें आणून वरच्या खाचरांत सोडतात, तेथून तें बांधाच्या मोरींतून किंवा कळकाच्या नळीनें एकेक पायरी खालीं उतरतें. वरच्यानें बांध फुटूं दिला तर खालच्याचें शेत मातीखालीं जातें. वरच्यानें पाणी अडविलें तर खालच्याचें भात वाळतें. शेजाऱ्याशीं अबोला धरणें तेथें परवडणारें नव्हे. (आमच्या वाडींत पाटाच्या पाळीवरून दोन घरांत तीन पिढ्या चाललेला दावा आम्हांस येथें आठवला. असो.)

त्यांच्या मूळच्या भातास 'तिनावोन' म्हणतात, म्हणजे वर्षांतून एकदां येणारें. डोंगरावरच्या थंडींत तेंच टिकतें. कापणी विळ्यानें मुठी भरून होत नाहीं. हातांत मावेल अशा लहानशा पात्यानें एकेक लोंबी खुडतात, तिच्या जुड्या बांधतात आणि कोठींत रचतात. लागेल तसें उखळांत कांडून घ्यावयाचें. कोठीजवळ 'बुलुल' नांवाच्या लांकडी मूर्ति असतात, बहुधा जोडीनें, उकिडव्या नाहीं तर उभ्या. धान्य राखणें हें त्यांचें काम. धार्मिक कृत्यें चालविणाऱ्या पुरुषास 'मुंबाकी' म्हणतात. मुंबईशीं त्याचा कांहीं एक संबंध नाहीं, परंतु आमच्या पुतण्यास हा विनोद प्रत्येक पाहुण्यास सांगण्याची संवय आहे. आतां बहुतेक लोक ख्रिस्ती झाले असून मुंबाकी थोडे उरले आहेत. रॉय बार्टन नांवाच्या अमेरिकन शिक्षकानें विसाव्या शतकाच्या आरंभीं येथें बरींच वर्षें राहून या लोकांच्या देवतांची यादी केली, ती हजारावर गेली. तेहतीस कोटींच्या हिशेबानें ती लहानच. तरीपण एका डोंगराळ प्रांतास पुरेशी आहे.

आतां त्या वयाच्या प्रश्नाकडे वळूं. हीं खाचरें दोन हजार वर्षांचीं आहेत असें बानाव्याच्या दुकानांत विकावयास ठेविलेल्या चित्रांवर लिहिलेलें असतें, आणि संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेच्या वर्णनांतही तोच आंकडा आहे. हा आंकडा आला कोठून? बार्टन आणि हेन्री ओटली बेयर या दोन अमेरिकनांनीं तो अंदाजानें बसविला. बेयर साहेब मनिलाच्या विद्यापीठांत मानववंशशास्त्र शिकवीत. त्यांनीं एका इफुगाओ मुलीशीं विवाह केला होता, त्यामुळें त्यांची आपुलकी खरी होती. एवढे बांध, एवढे दगड, लोहयंत्र नाहीं, लोकसंख्या बेताची. तेव्हां इतकें काम उभें राहावयास दोन-तीन हजार वर्षें लागलीं असलीं पाहिजेत, असा त्यांचा तर्क. उकरून कोणी पाहिलें नव्हतें.

पुढें १९६२ सालीं फेलिक्स कीसिंग या विद्वानानें जुन्या स्पॅनिश कागदपत्रांच्या आधारें शंका काढली, कीं हीं खाचरें इतकीं जुनीं नसावींत; सपाटीवरचे लोक स्पॅनिशांच्या जाचामुळें डोंगरांत शिरले आणि मग हा उद्योग झाला असावा. कीसिंगाचें म्हणणेंही कागदावरचेंच होतें. प्रत्यक्ष माती तपासण्याचें काम हातीं घेतलें तें स्टीफन अकाबादो या फिलिपिनो पुरातत्त्वज्ञानें. बानाव्याजवळच्या बांधांच्या पोटांत सांपडलेल्या कोळशाचें वय काढून त्यानें २००९ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. नंतर २०१२ पासून कियांगानच्या जुन्या गांवठाणांत स्थानिक लोकांस बरोबर घेऊन उत्खनन केलें. निष्कर्ष असा, कीं पाण्यांतल्या भातशेतीचा पसारा तेथें वाढला तो सुमारें चारशें वर्षांपूर्वीं, म्हणजे स्पॅनिश लोक खालच्या खोऱ्यांत येऊन पोंचल्यानंतर. त्याआधीं हे लोक खात होते काय? अळू! हें ऐकतांच आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा जो उजळला तो सांगतां येत नाहीं. अळकुडीवर सबंध राष्ट्र जगलें असेल हें त्यांस मुळींच नवल वाटलें नाहीं.

अकाबादोंचें म्हणणें सर्वांस मान्य आहे असें नव्हे. ज्यांनीं लहानपणापासून दोन हजार वर्षें असा पाठ घोकला त्यांना चारशें हा आंकडा अपमानासारखा वाटतो, आणि तसें वाटणें आम्ही समजूं शकतों. आमच्या ग्रामदैवताच्या देवळाविषयीं कोणी असा निबंध लिहिला तर आम्हीही दोन दिवस नीट जेवणार नाहीं. परंतु आमच्या मतें नव्या आंकड्यानें या लोकांचा मान वाढतो. दोन हजार वर्षें म्हटलीं कीं हें सारें काळानेंच केलें असें वाटूं लागतें, माणसें त्यांत दिसत नाहींत. चारशें वर्षें म्हणजे काय, तर शिवाजी महाराजांच्या जन्माचा काळ. आपल्याकडील पुष्कळ कुलवृत्तांतांतला मूळपुरुष त्याच सुमारास केव्हां तरी पोटापाण्यासाठीं घाट चढून आलेला असतो. तेवढ्या अवधींत, परक्या फौजेच्या भीतीनें डोंगरांत सरकलेल्या लोकांनीं, आठ-दहा पिढ्यांच्या आंत, उभ्या कड्यांवर पाणी स्थिर केलें. अळू सोडून भात कां, याचेंही उत्तर अकाबादो देतात. भातशेतीनें लोकांना एकत्र बांधलें, त्यांची जूट झाली, आणि ती जूट होती म्हणूनच हा मुलूख स्पॅनिशांना जिंकतां आला नाहीं, असें त्यांचें प्रतिपादन आहे.

या लोकांच्या वारसाहक्काची पद्धति आमच्या वाचकांस विशेष चिंतनीय वाटेल. बार्टननें १९१९ सालीं इफुगाओंच्या कायद्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत तो सांगतो, कीं वडिलोपार्जित खाचर हें धन्याचें खरेंखुरें मालकीचें नव्हेच. तें पूर्वजांकडून आलें, पुढच्यांकडे जावयाचें. मधला माणूस त्यावर कांहीं काळ बसलेला. तें विकावयाचें तर घरांतील दुखणेकऱ्यासाठीं बलि देण्यास पशु घेणें यासारखीच निकड हवी, आणि नातलगांची संमति हवी. आणि वांटणी? ती नाहीं. मोठा वांटा थोरल्या अपत्यास. मग तें अपत्य मुलगा असो कीं मुलगी. बापाकडचीं खाचरें एकास आणि आईकडचीं दुसऱ्यास अशी सोय असे. पण पाठच्या तिसऱ्या-चौथ्यानें आपलें नशीब काढावें, नवा उतार फोडावा, नाहीं तर दुसऱ्याच्या शेतांत राबावें.

आमची मिताक्षरा याच्या अगदीं उलट. मुलगा जन्मास आला कीं त्याचा हिस्सा उभा राहिला. आणि १९९४ सालीं महाराष्ट्रांत व २००५ सालीं सबंध देशांत कायद्यानें मुलींसही तो हक्क मिळाला, हें योग्यच झालें. परंतु त्या न्यायाचें दुसरें टोक ज्यांनीं पाहावयाचें त्यांनीं कोंकणांतल्या कोणत्याही घरच्या सात-बाराचा उतारा काढून पाहावा. दहा गुंठ्यांवर वीस नांवें. पैकीं सहा मयत, चार मुंबईस, तीन पुण्यास, दोघें समुद्रापलीकडे. पावसांत मेर फुटली तर ती घालावयाची कोणीं? ती सर्वांची असते. इफुगाओंनीं न्याय थोडा बाजूस ठेवून बांधाला एक धनी दिला. धाकट्यांवर हा जुलूम आहे यांत संशय नाहीं. आम्ही स्वतः चार भावांत तिसरे, त्यामुळें ही पद्धति फार गोड वाटण्याचें आम्हांस कारण नाहीं. तरी बांधाकडे पाहिलें कीं तिच्यामागचा विचार कळतो.

हें सारें पुस्तकी ज्ञान घेऊन आम्ही बातादला उतरलों, आणि ज्या घरीं मुक्काम केला तेथें त्याची परीक्षा झाली. घरांत एक सत्तरी उलटलेल्या आजीबाई, त्यांचा धाकटा मुलगा, सून आणि दोन नातवंडें. आजीबाई त्यांच्या आईच्या थोरल्या, म्हणून खाचरें त्यांच्याकडे आलेलीं. आमच्या सौभाग्यवती त्यांच्याशीं बोलत होत्या, म्हणजे एक मराठींत, दुसरी इफुगाओंत, आणि मध्यें सुनेची इंग्रजी. पण तांदळाचें पाणी, जुडीचा आकार, उखळाची खोली या विषयांना दुभाष्याची फारशी गरज लागत नाहीं असें दिसलें. बोलतां बोलतां आजीबाईंनीं समोरच्या उतारावर एक तांबडा व्रण दाखविला. मागच्या वादळांत त्यांचा एक बांध गेला होता. त्याच्या वरचीं दोन खाचरें कोरडीं पडलीं होतीं.

"बांध घालणार कोण?" आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें.

"हा घालील," मुलाकडे बोट दाखवून आजीबाई म्हणाल्या. "पण खाचर याचें नाहीं. थोरलीचें आहे."

थोरली मुलगी परदेशीं रुग्णपरिचारिका होती. अकरा वर्षें झालीं, मधून दोनदां आली. पैसे पाठवी, आईस रोज दूरध्वनि करी, भावाच्या मुलांच्या शाळेचा खर्च तीच देई. तिला बोल लावावा असें कोणीही बोललें नाहीं. धाकटा जीपगाडी चालवून पाहुण्यांची ने-आण करी. त्यांत एका दिवसांत जें मिळे तें खाचरांत पंधरा दिवस राबून मिळत नसे. त्याच्या खांद्यावर बहिणीच्या खाचराचा बांध होता. ज्या रीतीनें चारशें वर्षें खाचर अखंड ठेविलें, तीच रीत आतां तें राहणाऱ्याच्या हातांतून काढून न राहणाऱ्याच्या हातीं देत होती. आम्ही त्या मुलाकडे पाहिलें. तो हंसला आणि गाडीचें चाक पाहावयास उठून गेला.

अशीं घरें पुष्कळ आहेत. युनेस्कोनें १९९५ सालीं बाताद, बांगाआन, हुंगदुआन, मायोयाओ आणि नागाकादान येथील खाचरसमूह जागतिक वारशांत घेतले. ज्या बानाव्यासाठीं प्रवासी येतात तें त्यांत नाहीं, ही एक गंमत. परंतु सहाच वर्षांत, २००१ सालीं, तेंच नांव संकटग्रस्त वारशाच्या यादींत गेलें, कारण खाचरांपैकीं सुमारें चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक ओसाड पडला होता आणि पाटांची डागडुजी थांबली होती. त्यांत १९८० च्या दशकांत कोणी खाण्यासाठीं म्हणून परदेशी गोगलगाय देशांत आणली, ती कोवळी रोपें फस्त करूं लागली. आणि बांध पोखरणारीं लांबलचक गांडुळें निघालीं. गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र असें आम्ही शाळेंत शिकलों होतों. मैत्रीसही सीमा असावी. पुढें पाट दुरुस्त झाले, आणि २०१२ सालीं तें नांव संकटाच्या यादींतून निघालें. यादींतून निघालें म्हणून बांध आपला आपण उभा राहत नाहीं, हें सांगणें नलगे.

त्या रात्रीं आजीबाईंनीं हुडहुड म्हणून दाखविलें. हीं त्यांचीं दीर्घ कथागीतें; कापणींत, बेणणींत आणि मृताच्या जागरणांत बायका म्हणतात. एकीनें पुढें सांगावयाचें आणि बाकीच्यांनीं झेलावयाचें. दोनशेंहून अधिक गीतें आहेत असें म्हणतात, आणि एकेकास पुरें म्हणावयास दिवसचे दिवस लागतात. युनेस्कोनें २००१ सालीं त्यांचा गौरव केला आणि २००८ सालीं तीं आपल्या सूचींत घेतलीं. आजीबाई एकट्याच म्हणत होत्या, म्हणून झेलणारा आवाज नव्हता. मधल्या जागीं त्या क्षणभर थांबत, आणि मग पुढें जात. सुनेस थोडेंसें येत होतें, तिनें दोन ठिकाणीं साथ केली.

परत आल्यावर आम्ही पुणें जिल्ह्याच्या पश्चिम भागांत, आंबेगांवच्या डोंगरांत, एका स्नेह्यांकडे गेलों होतों. तेथील महादेव कोळी लोकांत 'पडकई' म्हणून एक चाल आहे. उतारावर दगडी ताल घालून भातखाचर पाडावयाचें, आणि तें एकट्यानें नव्हे. गांवानें मिळून आज याचें, उद्यां त्याचें. अशीच आळीपाळीची मदत इफुगाओंत आहे, तिला ते 'उब्बु' म्हणतात. सह्याद्रीच्या त्या ताली कोणीं जागतिक यादींत घातल्या नाहींत आणि त्यांचें वय काढावयास कोणी कोळसा तपासला नाहीं. आम्हीं विचारलें तेव्हां तेथील म्हातारे नुसते "वाडवडिलांपासून" म्हणाले. एक नवी ताल चालू उन्हाळ्यांतली होती. दगड अजून पांढरे होते.

पुतण्याचें पत्र मागच्या महिन्यांत आलें. बातादचा तो बांध घातला गेला. थोरलीनें मजुरीचे पैसे पाठविले, आणि शेजारचीं सहा घरें उब्बूस आलीं. कोसळलेलेच दगड खालून वर वाहून आणावयास अठरा दिवस लागले. दोनपैकीं एका खाचरांत पाणी उभें राहिलें म्हणून तेथें तिनावोन लाविलें. दुसऱ्यांत अजून गळती आहे, तेथें यंदा धाकट्यानें अळू लाविलें आहे. खाचर कोणाच्या नांवावर, ही गोष्ट थोरली रजेवर येईल तेव्हां बोलावयाची ठरली आहे, आणि तिनें अजून तारीख कळविलेली नाहीं.